आजोबांच्या ट्रंकेतली पोस्टकार्डं: कुठलं मोलाचं, कुठलं नाही आणि ते ओळखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातली जुनी चाळ पुनर्विकासाला चालली आहे. खोली रिकामी करताना आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत पोस्टकार्डांचे गठ्ठे सापडले. काहींवर मुंबईच्या इमारतींची चित्रं आहेत, काही साधी सरकारी, छापील तिकिटाची आहेत आणि त्यातली बरीचशी मोडी लिपीत लिहिलेली आहेत. एका व्यापाऱ्याने सगळ्यांची एकरकमी बोली केली आहे आणि धाकटा भाऊ म्हणतो देऊन टाकू. ताईंना विचारायचं आहे, इतकी जुनी कार्डं म्हणजे मौल्यवान असणारच ना? आणि ठेवायची ठरवली तर सुरुवात कुठून करायची?

ताई, तातडीचं आधी सांगतो. एकरकमी बोलीला आत्ता होकार देऊ नका. ट्रंकेत घबाड दडलंय असं मला म्हणायचं नाही. पण अशी बोली बहुतेक वेळा गठ्ठ्यातल्या दोन-चार कार्डांवर डोळा ठेवून केलेली असते आणि बाकीची कार्डं घेणाऱ्याला नसली तरी चालतात. ती दोन-चार कुठली हे तुम्हाला कळलं, की मग खुशाल बोलणी करा. त्यात व्यापाऱ्याची लबाडी आहे असंही नाही. त्याने वर्षानुवर्षं कार्डं हाताळून नजर कमावलेली असते आणि त्या नजरेवरच त्याचं पोट असतं. तीच नजर थोडी तुम्हाला यावी म्हणून सविस्तर लिहितो आहे.

भावाला मात्र एक गोष्ट समजावून सांगा: जुनं म्हणजे महाग, हा हिशेब पोस्टकार्डांना लागू होत नाही. जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड ऑक्टोबर १८६९मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने काढलं. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ला आलं. किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. इतक्या स्वस्तात निरोप पोचतो म्हटल्यावर लोकांनी ते अमाप वापरलं. म्हणून व्हिक्टोरिया राणीचं डोकं छापलेलं तपकिरी कार्ड सव्वाशे वर्षांहून जुनं असूनही आज किरकोळ पैशांत मिळतं. याउलट सत्तरच्या दशकातलं, एखाद्या विमान कंपनीने प्रवाशांना फुकट वाटलेलं कार्ड त्याच्या कितीतरी पट भावाला जाऊ शकतं. वय हा एक धागा आहे, एवढंच. खरे प्रश्न दोन: असं कार्ड पुन्हा मिळेल का, आणि ते हवं असणारी माणसं आहेत का? ते पुन्हा सहज मिळणार असेल किंवा हवं असणारं कोणी नसेल, तर भाव बेताचाच. पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘होय’ आलं, तरच भाव चढतो.

आता ट्रंक उघडा आणि दोन ढीग करा. छापील तिकिटाची सरकारी कार्डं एकीकडे, चित्रांची कार्डं दुसरीकडे. या दोन्हींचे गिऱ्हाईक वेगळे, बघण्याच्या रीती वेगळ्या. सरकारी कार्डं टपाल-तिकिटं जमवणारे घेतात आणि त्यांना शिक्का हवा असतो. चित्रांची कार्डं घेणारे चित्र आधी पाहतात, मागची बाजू नंतर. मला विचाराल तर दोघेही एकमेकांची बाजू नीट बघत नाहीत असंच म्हणेन, आणि तुमच्यासारख्या नव्या माणसाला संधी असते ती तिथेच.

सरकारी ढिगापासून सुरुवात करू. त्यात राजा-राणीचं डोकं बघून थांबू नका, शिक्के वाचा. शिक्क्यात टपाल कार्यालयाचं नाव आणि तारीख असते. मुंबई जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा, शिक्का नेहमीचा. पण उपनगरातलं किंवा कोकणातलं एखादं छोटं, आता बंद झालेलं कार्यालय असेल तर ते कार्ड बाजूला ठेवा. संस्थानांचे शिक्के, संस्थानांची नावं वर छापलेली कार्डं, लष्करी टपालाचे शिक्के आणि महायुद्धातल्या सेन्सॉरच्या खुणा बाजूला ठेवा. १९२२मध्ये पोस्टकार्डाचा दर पाव आण्यावरून अर्धा आणा झाला. त्यानंतरच्या काळात पाव आण्याच्या जुन्या कार्डावर पाव आण्याचं तिकीट चिकटवून पाठवलेलं कार्ड, किंवा तिकीट न लावल्यामुळे नॉटपेड होऊन ज्यावर दंडाचा शिक्का बसला ते कार्ड, ही अभ्यासकांच्या आवडीची. १५ ऑगस्ट १९४७पासून अनेक ठिकाणी ‘जय हिंद’ असा शिक्का मारला गेला. तुमच्या आजोबांच्या कार्डांत तो असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तारीख नेमकी पहिल्या दिवसाची असेल तर ते कार्ड इतरांपासून वेगळं, स्वच्छ पाकिटात ठेवा.

समुद्राचंही एक टपाल होतं. मुंबईहून एडनकडे जाणाऱ्या टपालाच्या आगबोटींत टपाल खात्याची माणसं बसून वाटेतच पत्रांची वर्गवारी करत. ही व्यवस्था १८६८मध्ये सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धाबरोबर १९१४मध्ये संपली. त्या ‘सी पोस्ट ऑफिस’चा शिक्का असलेलं कार्ड चित्र कितीही साधं असलं तरी मान राखून असतं. विमान टपालाचंही तसंच. फेब्रुवारी १९११मध्ये अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल नेलं गेलं, त्या उड्डाणातली कार्डं जगभर शोधली जातात. १५ ऑक्टोबर १९३२ला टाटांची विमान टपाल सेवा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या धावपट्टीवर आली. त्या पहिल्या उड्डाणातून आलेलं काही घरात असेल तर ते एखाद्या जाणकाराला दाखवल्याशिवाय हलवू नका.

आता मोडीतल्या कार्डांविषयी. व्यापारी ती बाजूला सारतात, कारण ती वाचता येत नाहीत आणि चित्रही नसतं. बाजारात त्यांना भाव नाही हे खरं आहे आणि मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पण अख्ख्या ट्रंकेत दुसऱ्या कोणाकडेच नसलेलं असं काही असेल, तर ते याच ढिगात. कोकणातून गिरगावातल्या चाकरमान्याला आलेली कार्डं म्हणजे मनीऑर्डर पोचल्याची पावती, भात किती झालं त्याचा हिशेब, आगबोटीने कोण कधी निघतंय त्याची वर्दी, गणपतीला येणार की नाही याची विचारणा. लग्नाच्या कार्डावर कुंकवाची बोटं असतात. मृत्यूची बातमी आणणारं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायची रीत बऱ्याच घरांत होती, त्यामुळे ती फार कमी उरली आहेत. एकाच घरातली, वीस-तीस वर्षांची, सलग पत्रं अभ्यासकाला बाजारात सहसा मिळत नाहीत. म्हणून हे गठ्ठे सोडवून विषयवार लावू नका. ज्या क्रमाने दोऱ्यात बांधलेले सापडले त्याच क्रमाने ठेवा आणि कुठला गठ्ठा कशाखाली होता तेही कागदावर लिहून ठेवा. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे चौकशी केलीत तर वाट सापडेल.

दुसरा ढीग चित्रांचा, आणि लोक ज्याला संग्रह म्हणतात तो बहुतेक यातच. इथे मुंबईकराला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे प्रसिद्ध इमारती. व्हीटी, राजाबाई टॉवर, ताज, महापालिकेची इमारत, मलबार हिल, हॉर्नबी रोड. ही चित्रं प्रत्येक प्रकाशकाने काढली, अनेकदा छापली, आणि बोटीतून उतरलेल्या प्रत्येक पाहुण्याने ती विकत घेऊन विलायतेला धाडली. म्हणून ती भरपूर उरली आहेत. गंमत अशी की ती उरली इंग्लंडातल्या माळ्यांवर. मुंबईच्या जुन्या चित्रकार्डांचा मोठा हिस्सा आजही तिकडच्या व्यापाऱ्यांकडून परत येतो. त्यामुळे मुंबईतल्याच माणसाने मुंबईतल्याच माणसाला पाठवलेलं, मागे देवनागरीत किंवा मोडीत मजकूर असलेलं चित्रकार्ड खरोखर विरळा. ते दिसलं की मी आधी मजकूर वाचतो आणि मग उलटवून इमारत पाहतो.

मग दुर्मीळ काय? ज्याचा फोटो काढावा असं फारसं कोणाला वाटलं नाही, ते. गिरण्यांचे दरवाजे आणि पाळी सुटतानाची गर्दी, भायखळ्याच्या पलीकडची उपनगरं, लोकल स्टेशनं, दुकानांच्या पाट्या वाचता येतील इतक्या जवळून टिपलेला बाजार, कोळीवाडे, घोड्यांच्या ट्रामचं आगार, पुरात किंवा आगीत सापडलेला रस्ता. एखादी घटना असेल तर अधिकच. २ डिसेंबर १९११ला पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा शहरभर कॅमेरे होते, त्यामुळे त्या दिवसाची कार्डं तशी मिळतात. पण त्याच रस्त्यावरचा साधा मंगळवार कोणी टिपला असेल, तर तो मिळणं अवघड.

चित्र छापलं कसं आहे यावर बरंच अवलंबून असतं, आणि त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घ्या. या छंदात एवढाच खर्च मी आग्रहाने करायला सांगतो. भिंगाखाली ओळीने मांडलेले बारीक ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई, सगळ्यात सर्रास. सुरकुतल्यासारखं अनियमित दाणेदार पोत दिसलं तर कोलोटाइप. रंगांचे वेगवेगळे थर आणि मोकळे, कुंचल्यासारखे ठिपके दिसले तर लिथो, म्हणजे शिळाछाप. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली उत्तम रंगीत कार्डं बरीचशी जर्मनीत छापून यायची, मागे बारीक अक्षरांत ‘प्रिंटेड इन जर्मनी’ किंवा ‘सॅक्सनी’ असतं. १९१४ला युद्ध पेटलं आणि तो रस्ता बंद झाला. रंग भरणाऱ्या जर्मन कारागिरांनी मुंबई कधी पाहिलेली नसायची, त्यामुळे साडीच्या किंवा छपराच्या रंगावर विसंबून कुठला निष्कर्ष काढू नका.

आणि ठिपका, दाणा, थर यांतलं काहीच न दिसता करड्या छटा एकमेकींत अखंड विरघळत गेलेल्या दिसल्या, तर तुमच्या हातात खरा फोटो आहे. छापखान्यातून नव्हे, डार्करूममधून निघालेला. १९०२च्या सुमारास कोडॅकने पोस्टकार्डाच्या आकाराचा फोटो-कागद बाजारात आणला आणि कुठलाही फोटोग्राफर दहा-वीस प्रती काढून विकू लागला. अशा कार्डाच्या प्रती हजारोंनी नसतात. कधी कधी एकच असते. घराण्याचा समूहफोटो, शाळेचा वर्ग, दुकानासमोर उभे मालक आणि नोकर, तालमीतले पैलवान, असं काही मागे पोस्टकार्डाची छपाई असलेल्या कागदावर असेल तर ते साधा फोटो समजून अल्बमात चिकटवू नका. तिकिटाच्या जागेभोवती कागदाच्या कंपनीचं नाव असतं, त्यावरून काळ कळतो. उदाहरणार्थ ‘ॲझो’ या कागदावर चौकटीच्या चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर तोंड करून असतील तर तो साधारण १९०४ ते १९१८मधला. जुन्या खऱ्या फोटोच्या गडद भागावर, तिरकं धरून पाहिलं की, चांदीसारखी झाक दिसते. ती दोष नाही, वयाची खूण आहे.

काळ ठरवायला मागची बाजूही बोलते. सुरुवातीच्या कार्डांवर मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, म्हणून लोक चित्राच्या कडेला किंवा आकाशात मजकूर लिहीत. मागची बाजू मधोमध रेघ मारून दोन भागांत वाटायची मुभा ब्रिटनने १९०२मध्ये दिली आणि मग इतर देशांनी. तेव्हा अखंड पाठीचं, समोर शाईने लिहिलेलं कार्ड ‘खराब’ म्हणून बाजूला काढू नका. ते आधीच्या पिढीचं आहे आणि शाई हा त्याचा भाग आहे.

मुंबईच्या कार्डांचा काळ ओळखणं हा मला या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो, कारण इथे मुंबईकराची स्वतःची माहिती कामाला येते. ट्राम दिसते आहे? घोडे जुंपलेले असतील तर १८७४ ते १९०७च्या मधलं. वर तारा असतील तर मे १९०७नंतरचं, कारण विजेची ट्राम तेव्हा आली. दुमजली ट्राम असेल तर १९२०नंतरचं. बस असेल तर जुलै १९२६नंतरचं. अपोलो बंदरावर ताज आहे पण गेटवे नाही? मग १९०३नंतरचं आणि गेटवेचं बांधकाम वर येण्याआधीचं. गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ला झालं. घुमटाची जीपीओ दिसली तर १९१३च्या आसपासचं किंवा नंतरचं. चौपाटीच्या अलीकडे रेल्वेला लागूनच समुद्र दिसत असेल आणि मरीन ड्राइव्हचा कठडा नसेल, तर भराव पडण्याआधीचं. काळा घोडा आपल्या जागी उभा असेल तर १९६५च्या आधीचं. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा तारघराजवळच्या छत्रीत बसलेला दिसला तर तीही आता गेलेली मुंबई. तो पुतळा आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी मार्ग, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी मार्ग, क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे मार्ग, एल्फिन्स्टन सर्कल म्हणजे हॉर्निमन सर्कल, एवढी जुनी नावं पाठ करून ठेवा, म्हणजे निम्म्या मथळ्यांचा उलगडा होईल. पण मथळ्यावर आंधळा विश्वास नको, त्यात चुका असतात. आणि तीन तारखा वेगळ्या धरा: फोटो काढला ती, कार्ड छापलं ती, टपालात पडलं ती. प्रकाशक फोटोची एकच काच, म्हणजे काचेची निगेटिव्ह, वर्षानुवर्षं वापरत. मी १९१२चा शिक्का असलेल्या कार्डावर घोड्यांची ट्राम पाहिली आहे. शिक्का फक्त इतकंच सांगतो की कार्ड याच्यानंतरचं असू शकत नाही.

प्रकाशकांची नावं मागे किंवा चित्राखाली बारीक अक्षरांत असतात. मुंबईतले क्लिफ्टन आणि फोटोटाइप कंपनी, लंडनचे राफाएल टक, ही नावं तुम्हाला दिसतील. टकची ‘ऑयलेट’ नावाची, तैलचित्रासारखी रंगीत मालिका १९०३पासून निघाली आणि तिच्यात मुंबईही होती. ती कार्डं देखणी असतात आणि मुबलकही.

ज्या नावासाठी मी आजही गठ्ठे उपसतो ते महादेव विश्वनाथ धुरंधर. १८६७मध्ये कोल्हापुरात जन्मलेले आणि जेजे स्कूलमध्ये शिकून तिथेच शिकवलेले हे चित्रकार. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या माणसांची पोस्टकार्डं रंगवली. त्याच काळात परदेशी प्रकाशक ‘नेटिव्ह टाइप’ म्हणून गारुडी, धोबी, नाचणारी बाई यांचे फोटो विकत होते. तो माणूस कोण, कुठल्या गल्लीतला, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. भिंतीसमोर उभं करायचं आणि जातीचं नाव खाली छापायचं, एवढंच. धुरंधर त्याच रस्त्यावर उभे राहून बघत होते, पण त्यांना ती माणसं ओळखीची होती. पदर कसा खोचलाय, टोपली कमरेवर कशी धरली आहे, नजर कोणाकडे वळली आहे, हे त्यांच्या रेषेत दिसतं. त्यांची सही असलेली कार्डं शेकड्यांत नव्हे, हजारांत विकली जातात आणि स्वच्छ संच तर त्याहून कितीतरी वर. तुमच्या ढिगात एखादी कोळीण किंवा पारशीण रंगीत लिथोत दिसली, तर भिंग घेऊन खालचा कोपरा आधी पाहा.

रवि वर्मा छापखान्याची पौराणिक चित्रंही पोस्टकार्डांवर आली. तो छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मुळातल्या लिथोंना चांगली मागणी आहे. पण याच चित्रांच्या नंतरच्या हाफटोन नकला भरपूर आहेत, तेव्हा इथेही भिंग हाच न्यायाधीश.

किंमत किती चढू शकते याचं टोकाचं उदाहरण सांगतो. १८४०मध्ये लंडनच्या थिओडोर हूक या लेखकाला हाताने रंगवलेलं, टपालातल्या कारकुनांची टर उडवणारं एक कार्ड आलं. वर पेनी ब्लॅक, म्हणजे जगातलं पहिलं टपाल तिकीट, होतं आणि ते त्याने बहुधा स्वतःच स्वतःला पाठवलं होतं. २००२मध्ये ते ३१,७५० पौंडांना विकलं गेलं. ना छापील, ना प्रसिद्ध इमारत. एकमेव, हाताने केलेलं, टपालातून खरोखर गेलेलं. म्हणून तुमच्या ट्रंकेत कोणी साध्या सरकारी कार्डावर चित्र काढून पाठवलं असेल, मुलाने रेखाटलेली बोट असली तरी, ते वेगळं ठेवा.

आता अवस्था. कोपरे टोकदार आहेत का, घडी पडली आहे का, कागद कडेने कापला आहे का, गोंदाचे चट्टे किंवा तपकिरी डाग आहेत का, हे उजेडात तिरकं धरून पाहा. नेहमीच्या चित्राला घडी पडली की भाव जवळजवळ संपतो. दुर्मीळ खऱ्या फोटोला घडी असली तरी लोक घेतात. सगळ्यात मोठं नुकसान मात्र एका जुन्या सवयीने झालं आहे. मुलांना तिकिटं जमवायला देण्यासाठी कार्ड पाण्यात भिजवून तिकीट काढून घ्यायचं. कार्डही गेलं आणि शिक्क्याचा अर्धा भागही. तुमच्या घरात आता कोणी तसं करू नये.

नकली माल वाढला आहे. जुन्या मुंबईच्या चित्रांच्या नव्या छपाया भेटवस्तू म्हणून विकल्या जातात, त्यात गैर काही नाही, पण त्याच चहाच्या पाण्याने पिवळ्या करून बाजारात येतात. साधी परीक्षा अशी: नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधारात कार्डावर मारा. साधारण १९५०नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी घातलेलं रसायन निळसर चमकतं. १९०५चं म्हणवणारं कार्ड असं लखलखलं तर परत द्या. तिकिटावरचा शिक्का कार्डाच्या कागदावर सलग उतरला आहे का तेही पाहा. उतरला नसेल तर तिकीट नंतर चिकटवलेलं असू शकतं.

मुंबईत कार्डांचा खरा शत्रू पावसाळा. ओल लागली की बुरशी आणि कागद चिकटणं ओघाने आलंच, आणि मग कसर. रबरबँड, सेलोटेप आणि पिना आजच काढा. लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत निघत नाही. बाजारात मिळणारी मऊ, वासाची प्लास्टिक पाकिटं पीव्हीसीची असतात आणि कागदाला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या. कार्डं उभी, डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, पावसाच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्यात बदला. डांबरगोळ्या कार्डांना लागून ठेवू नका. मागे पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर खोडू नका, आजोबांनी कोणाला किती पैसे दिले हेही उद्या कामाचं ठरेल.

ठेवायची आणि वाढवायची ठरवलीत तर विषय अरुंद घ्या. ‘जुनी मुंबई’ हा विषय पैसेवाल्यांनाही पुरत नाही. ‘गिरगाव ते चौपाटी’ हा पुरतो. एकाच रस्त्याची पन्नास वर्षांतली तीस कार्डं शेजारी लावली की दुकान बदलतं, तारा येतात, झाडं जातात, आणि सुट्या कार्डांत नसलेलं मोल त्या रांगेत तयार होतं. शोधायला चोर बाजाराचा शुक्रवारचा रस्ता, फोर्टातले तिकिटांचे व्यापारी, फाउंटनच्या पदपथावरचे पुस्तकवाले आणि महापेक्ससारखी राज्याची टपाल-तिकीट प्रदर्शनं. रद्दीवाल्याला नंबर देऊन ठेवा. घरं रिकामी होतात तेव्हा पहिला बोलावला जातो तो तोच. ऑनलाइन विकत घेताना विक्रेत्याने मागितलेला भाव पाहू नका, खरोखर विकल्या गेलेल्या मालाचे भाव पाहा, दोन्हींत फार अंतर असतं. मुंबईच्या नेहमीच्या दृश्यांना आज शे-दोनशेपासून काहीशे रुपये मिळतात, विरळ फोटोकार्डं हजारांत जातात, आणि त्यापुढचं लिलावात दोन हौशी माणसं भिडली तरच.

आता तुमच्या भावाचा प्रश्न. विकायचंच असेल तर असं करा. प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयने स्कॅन करा. प्रसिद्ध इमारतींची, छापील, बिनमजकुराची कार्डं एकत्र करून विका, त्यांचा फार विचार नको. खरे फोटो, सह्या, विमानाचे आणि बोटीचे शिक्के, ‘जय हिंद’, ही एकेक करून दोघा-तिघांना दाखवा. लिलावात द्यायची असतील तर कमिशन आणि राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही ती रक्कम, लेखी घ्या. परदेशातून मागणी आली तर लगेच पाठवू नका. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंसाठी १९७२चा पुरावशेष कायदा आहे, आधी चौकशी करा. आणि ऑनलाइन फोटो टाकताना हयात नातेवाइकांचे पत्ते झाका.

मोडीचे गठ्ठे मात्र या व्यवहारात धरू नका. व्यापारी त्यांचे वेगळे पैसे देणार नाही, म्हणून ते त्याला द्यायचंही कारण नाही. तुम्हाला ठेवायला जागा नसेल तर स्कॅन स्वतःकडे ठेवून मूळ कार्डं एखाद्या अभिलेखागाराला किंवा संग्रहालयाला द्यायची तयारी दाखवा, आणि देताना घराण्याचं नाव, चाळीचं नाव, गावाचं नाव आणि कोण कोणाला लिहितंय याची एक पानभर यादी सोबत जोडा. ती यादी करायला आई किंवा आत्या असतील तर त्यांना या आठवड्यातच बसवा, अक्षर ओळखणारं तेवढं तेच माणूस उरलेलं असतं.